गूल्डचा ब्राम्स : संथ की सपाट?

आज आपण ब्राम्सच्या पहिल्या पियानो कन्चेर्टोकडे वळू. डी मायनरमधला हा कन्चेर्टो 1859च्या जानेवारीत हॅनोव्हरला पहिल्यांदा वाजला, तेव्हा पियानोवर ब्राम्स स्वतः होते, वय 25. पाचच दिवसांनी लाइपझिगच्या श्रोत्यांनी हिसहिस करून नापसंती दाखवली. पण आपला विषय तो नाही. आपला विषय शंभरेक वर्षांनंतरचा एक वाद.

6 एप्रिल 1962. न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. वृंदसंचालक लेनर्ड बर्नस्टाईन वादनाआधी श्रोत्यांशी बोलायला उभे राहिले. सांगितलं काय, तर ग्लेन गूल्ड आज हा कन्चेर्टो ज्या लयीत वाजवणार आहेत ती आपल्याला पटलेली नाही. तरी साथ करतो आहोत, कारण हा माणूस गंभीर विचार करणारा आहे. कन्चेर्टोत मालक कोण, एकलवादक की संचालक, असा मिस्कील प्रश्नही त्यांनी टाकला. श्रोते हसले. मग सुमारे 53 मिनिटं ते वादन चाललं. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक हॅरल्ड शोनबर्ग यांनी तर असं सुचवलं की गूल्डना जलद वाजवणं जमत नसावं. हे फारच स्वस्त झालं. गूल्डच्या बोटांबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

आता तत्त्वज्ञानाच्या वर्गात असं काही निघालं की एक पोरगा हमखास म्हणायचा, ‘सर, शेवटी ज्याची त्याची दृष्टी.’ दिसायला हे उदार, पण यात विचार करायचा कंटाळा आहे. अन्वयार्थ म्हटला की तो तपासता आला पाहिजे. त्यातून काय ऐकू आलं आणि त्यासाठी काय गमावलं, हे विचारता आलं पाहिजे. तेच आपण करू.

पहिल्या मूव्हमेंटचा नकाशा आधी समजून घेऊ. टिंपनीचा गडगडाट, त्यावर तंतुवाद्यांची थरारती, चिडलेली थीम. वाद्यवृंद असा जवळजवळ नव्वद बार बोलत राहतो आणि पियानो गप्प असतो. मग पियानो येतो तो आरडाओरडा न करता, हळू, आर्जवी सुरात. ज्याच्यासाठी सगळे थांबलेत तो भांडणात पडतच नाही! पुढे एफ मेजरमधली दुसरी थीम तो एकट्याने मांडतो. तिथे ब्राम्सने लय थोडी आवरायला लेखी सांगितलंय.

गूल्डचं म्हणणं असं, की एकलवादक विरुद्ध वाद्यवृंद ही कुस्ती म्हणजे एकोणिसाव्या शतकाची वाईट खोड. कडक थीम आणि कोमल थीम असे दोन गट पाडून त्यांना झुंजवायचं नाही, सगळी मूव्हमेंट एकाच लयीच्या पोटात बसवायची. विचार म्हणून हा पक्का आहे. आणि त्याचं फळही मिळतं, ते नाकारू नये. डाव्या हातातले, मधल्या आवाजांतले कितीतरी धागे एरवी पेडलच्या धुरात हरवतात, ते इथे स्वच्छ दिसतात.

पण किंमत कुठे मोजावी लागते? सुरुवातीची थीम परत येते तिथे. खाली वाद्यवृंद डी स्वर धरून असतो आणि वर ती चिडलेली थीम आता पियानो वाजवतो, तीही भलत्याच जागी, ई मेजरमध्ये. इतका वेळ वेगळं बोलणारा माणूस अचानक विरोधकाच्या भाषेत ओरडतो. ही आम्हाला सबंध मूव्हमेंटची नस वाटते. गूल्डने पियानो आणि वाद्यवृंद यांच्यातलं अंतर आधीच पुसून टाकलेलं असतं, त्यामुळे ही जागा येते आणि जाते. भांडणच नव्हतं, तर पक्ष बदलला म्हणजे काय झालं?

तुम्ही म्हणाल, संथ लयीमुळेच हे घडलं. नाही. 1983 साली याच बर्नस्टाईननी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर क्रिस्टियान झिमरमनला साथ केली, ती जवळपास गूल्डइतकीच संथ. (गूल्ड त्याआधीच, 1982 साली गेले होते. नाहीतर काय बोलले असते, देव जाणे.) तिथे ती ई मेजरची जागा दचकवते, कारण झिमरमनने पहिला प्रवेश खरोखर बाहेरच्या माणसासारखा केलेला असतो. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. अमीर खाँसाहेबांच्या झुमऱ्यात समेची ओढ चौदा मात्रा टिकते, म्हणून तो संथपणा जिवंत राहतो. गूल्डकडे सहा ठोके सुटे सुटे मोजल्यासारखे पडतात.

एमिल गिलेल्स आणि योखुम, बर्लिन, 1972. हेही घाईत नाहीत. गिलेल्सचा सूर भरदार, पोलादी आणि तरी कुठे कर्कश नाही. त्या जागी दरड कोसळल्यासारखं वाटतं. एकच ध्वनिमुद्रण घरी ठेवायचं झालं तर आम्ही हे ठेवू.

आणि क्लिफर्ड कर्झन, जॉर्ज सेलबरोबर, लंडन, तेही नेमकं 1962. सेलचा वाद्यवृंद सुरुवातीलाच अंगावर येतो, म्हणून कर्झनची ती एफ मेजरची थीम प्रार्थनेसारखी ऐकू येते. अदाजिओच्या हस्तलिखितावर ब्राम्सने ‘बेनेडिक्टुस’चे लॅटिन शब्द लिहून ठेवले होते. कर्झन वाजवतो तेव्हा ते कशासाठी लिहिले असतील ते कळतं. गूल्डचा अदाजिओही फार सुंदर आहे, बरं का. तिथे कुस्तीच नाही, त्यामुळे त्याचं आणि ब्राम्सचं छान जमतं. तिसरी मूव्हमेंट चौघांकडेही ठीक, तिच्यात आज वेळ घालवत नाही.

आता कर्झनचा पहिला प्रवेश लावू या, आणि लगेच त्याच्यामागे गूल्डचा.