अनंत फंदी यांचा फटका : यमकाचे प्रयोजन

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्या सुप्रसिद्ध फटक्याची गणना सामान्यतः उपदेशपर काव्यात केली जाते. हे वर्गीकरण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. सरळ मार्ग, नम्रता, मातापित्यांचा मान हा त्यातील व्यवहारधर्म श्रोत्यास नवा नव्हता. मग इतक्या परिचित विचारास काव्यत्व कशाने लाभते? त्याचे उत्तर रचनेत आहे. ३० मात्रांची ओळ ८, ८ व १४ अशी विभागली जाते. आरंभीच्या खंडांत मधूनमधून अंतर्यमक खेळते आणि चरणामागून चरण एकाच निषेधवाचक शब्दावर येऊन आदळतो. 'फटका' या नावाची सार्थकता या आघातात आहे. लावणी-तमाशात कमावलेला ठेका शाहिराने येथे बोधासाठी राबविला.

या रचनेची मर्यादाही स्पष्ट आहे. बहुतेक ओळींचा क्रम बदलला तरी अर्थास बाध येत नाही. विचार येथे विकसत नाही, केवळ साठत जातो. परंतु मौखिक परंपरेत हीच उणीव उपकारक ठरते. एखादी ओळ विस्मरणात गेली तरी फटका मोडत नाही. उरलेली ओळ यमकाच्या आधाराने स्मरणात टिकते. म्हणून येथील यमकास निव्वळ अलंकार मानणे अन्यायाचे होईल. ते या काव्याच्या अस्तित्वाचेच साधन होय.