मूठभर शेंगदाणे आणि ‘वीस एक’

दिवाळीत देऊळगाव राजाला घरी गेलो होतो. ताईचा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि त्याला आकड्यांचं भयंकर वेड. गाडी दिसली की बोट नंबरप्लेटवर. बुलढाण्याचा २८ आणि जालन्याचा २१ तर लांबूनच ओळखतो. पन्नासपर्यंत न अडखळता म्हणतो, त्यामुळे पाहुणे आले की त्याला मधोमध उभं करतात.

मी सहज म्हटलं, “मामाला तीन शेंगदाणे दे.” त्याने मूठभर दिले. आई लगेच म्हणाली, “येते ना तुला? मुद्दाम करतो!” पोरगं रडवेलं झालं.

तो मुद्दाम करत नव्हता. गेलमन आणि गॅलिस्टल यांनी १९७८ च्या पुस्तकात मोजणीची तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं की मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द एकूण किती ते सांगतो. आपल्याला हे इतकं उघड वाटतं की शिकावं लागतं हेच विसरतो. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास मुलांकडे ठरावीक वस्तू मागून पाहिल्या. छान मोजणारी मुलंही मूठ भरून देत होती. मुलांना आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. सगळा नियम उलगडायला बऱ्याचदा साडेतीन-चार वर्षं लागतात.

आता बालभारतीकडे येऊ. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं आणि वाद थेट विधिमंडळात गेला. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा मला त्या जागी पटतो. ‘अठ्ठावीस’मध्ये आठ आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. ‘एकोणतीस’ तर त्याहून वाईट: कानावर तीस पडतं आणि लिहायचे २९. जोडाक्षरं वेगळीच.

पण या सोपेपणाची मर्यादाही बघायला हवी. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना केली. चिनीत अकराला ‘दहा एक’ म्हणतात. दहापर्यंतचे अंक म्हणण्यात दोन्हीकडची मुलं सारखीच होती. फरक पडला तो दहाच्या पुढे. थोड्या वस्तू मोजण्यात मात्र विशेष फरक नव्हता. म्हणजे सरळ शब्दांनी यादी सोपी होते, ‘तीन म्हणजे किती’ हे त्याने कळत नाही. २०१९ चा वाद दोन्ही बाजूंनी शब्दांवरच झाला. आमच्या ओसरीवरही तेच चाललं होतं: म्हणता येतं म्हणजे कळतं.

विन यांच्या चाचणीलाही एक उणीव आहे. लाजलेलं किंवा खेळात मन नसलेलं मूलसुद्धा चुकीचं देतं, त्यामुळे एका मुठीवरून शिक्का मारू नये. ना ‘हुशार’चा, ना ‘ढ’चा. भाच्याची आवड खरीच आहे. दोन अंकांच्या आकारांतला फरक अडीच वर्षांत टिपणं ही काही छोटी गोष्ट नाही.

मग घरी करायचं काय? सुझन लिव्हाइन यांच्या गटाला (२०१०) असं दिसलं की १४ ते ३० महिन्यांच्या मुलांशी पालक संख्यांबद्दल जितकं जास्त बोलले, तितकी पुढे, चौथं वर्ष पूर्ण होत आलं तेव्हा, मुलांची समज चांगली होती. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात समोरच्या वस्तू मोजून दाखवण्याचा संबंध जास्त ठळक निघाला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालंय असं नाही. पण ताटात दोन पोळ्या वाढताना “दोन” म्हणायला काही खर्च येत नाही. पाहुण्यांपुढची परीक्षा मात्र बंद करा, एवढं मी आईला सांगून आलो.

परवा ताईचा फोन आला. एक शेंगदाणा मागितला की आता एकच देतो. दोन मागितले की मूठ.

“मग रागावलीस का?”

“नाही. खाऊन टाकले.”