उंचीचा परिणाम की नांगराचा? : डोंगरउतारावरील गांडूळगणनेची चिकित्सा

२०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात गांडुळांच्या जागतिक वितरणाविषयीचा एक व्यापक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५७ देशांतील ६,९२८ ठिकाणांच्या नोंदींवर आधारलेल्या या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष असा की, मृदेचे गुणधर्म व भूमी-आच्छादन यांच्यापेक्षा हवामानाचे घटक गांडुळांच्या वितरणावर अधिक प्रभाव टाकतात. जागतिक पातळीवर तो स्वीकारार्ह वाटतो. परंतु तोच जसाच्या तसा एखाद्या डोंगरउताराला लावून ‘उंची वाढते तशी गांडुळे घटतात’ असे विधान करणे पद्धतीच्या दृष्टीने सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उंची स्वतः काहीच करीत नाही. ती तापमान, ओलावा व हिमाचा काळ यांची केवळ खूण होय. दर हजार मीटरला तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने उतरते. गढवाल हिमालयाचे उदाहरण घ्यावे. खोऱ्यालगत पायऱ्यापायऱ्यांची शेते, वर चीडची वने, त्यांच्यावर बांज ओकची वने आणि वृक्षरेषेपलीकडे बुग्याल ही गवताळ कुरणे, असा क्रम तेथे ढोबळमानाने आढळतो. म्हणजे उंचीबरोबर जमिनीचा वापरही बदलतो. शेतात नांगर बिळे मोडतो, पण शेणखत अन्नही पुरविते; चीडच्या सुया सावकाश कुजतात; बांजचा पालापाचोळा ओल धरून ठेवतो. १,००० मीटरवरील शेत व २,००० मीटरवरील ओकवन यांची तुलना करून आढळलेल्या फरकाचे कारण उंची मानावे की नांगर? या मांडणीतून त्याचे उत्तर मिळूच शकत नाही. त्यातही एकाच उंचीवर उत्तराभिमुख उतार ओलसर व दक्षिणाभिमुख उतार कोरडा असतो, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते.

सह्याद्रीत ही गुंतागुंत काहीशी कमी आहे. कळसूबाईचे शिखरही १,६४६ मीटरचेच. शिवाय देवराई आणि तिला लागून असलेले शेत एकाच उंचीवर, एकाच पावसात सापडते. अशा जोड्या निरनिराळ्या उंचींवर निवडल्यास दोन्ही घटकांचा वेगवेगळा विचार करता येईल. (देवराईची माती मुळातच निराळी असू शकते, ही शंका मात्र उरतेच.)

दुसरा आक्षेप केवळ संख्या मोजण्याच्या सवयीवर आहे. ‘पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस’ ही मूळची दक्षिण अमेरिकेतील जाती जोडीदाराविना प्रजननक्षम असून आज उष्ण कटिबंधात सर्वदूर पसरली आहे; भारतातही ती आढळते. तिच्या मायभूमीतच, ब्राझीलमधील मनौसजवळ, जंगल तोडून केलेल्या कुरणांत मूळचे मृदाजीव नाहीसे झाले व ही एकच जाती बेसुमार वाढली. तिच्या विष्ठेमुळे माती घट्ट झाली, असे १९९९ साली ‘नेचर’मध्ये नोंदविले गेले. तेथे गांडुळे वाढली आणि जमीन बिघडली. तेव्हा वनातील दहा व शेतातील चाळीस हे आकडे, जातींची नावे कळेपर्यंत, तुलनायोग्यच नव्हेत.

नावे कळणेही सोपे नाही. २५ सें.मी. बाजूचा व ३० सें.मी. खोलीचा मातीचा ठोकळा काढून गांडुळे हाताने वेचणे ही रूढ पद्धत. उन्हाळ्यात ती खोल जाऊन वेटोळे करून निपचित पडतात. त्या ऋतूतील शून्य हा अनुपस्थितीचा पुरावा नव्हे. पावसाळ्यात वेचलेल्यांतही पिल्ले बरीच असतात, आणि क्लायटेलमचा पट्टा न आलेल्या पिल्लाची जाती बाह्यरूपावरून सहसा ठरविता येत नाही. बहल यांच्या १९२६ च्या ‘फेरेटिमा’वरील ग्रंथाच्या वळणावर आपण एकच गांडूळ शिकविले, इतर जातींची ओळख मागेच राहिली. आता जनुकीय ओळखपट्टीचा मार्ग खुला आहे, परंतु त्यासाठी नमुने फॉर्मॅलिनऐवजी तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावे लागतात.