'सर्व्हर डाऊन' या वाक्यावर टीका

(आसनगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

पुस्तकावर टीका करतात, नाटकावर करतात. मी आज एका वाक्यावर करणार आहे. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' हे ऐकलं नाही असं इथे कोणी आहे का? नाहीच. हे ऐकून कुणी किन्हवलीची एसटी पकडतो, कुणी डोळखांबची. एक दिवसाची मजुरी बुडते आणि कारण कोणी विचारत नाही.

हे वाक्य दरवेळी खोटं असतं असं मी म्हणत नाही. ते अर्धवट आहे. कारण 'सर्व्हर' नावाची एकच वस्तू आत बसलेली नसते. आपल्या पुस्तकांत एक चौकोन काढतात, त्यावर सर्व्हर लिहितात, आणि विषय संपतो. माझी पहिली तक्रार त्या चौकोनाशी आहे.

जुनं कचेरीचं चित्र आठवा. पुढे खिडकी, आत कारकून, मागे कपाटात दप्तर. खिडकी म्हणजे वेब सर्व्हर. छापील कोरा फॉर्म हवा असेल तर तो खिडकीवरच मिळतो, आत जायची गरज नाही. पण 'माझं नाव लागलं का' हे विचारलंत तर कारकुनाला उठावं लागतं. तो अॅप्लिकेशन सर्व्हर. दप्तर म्हणजे डेटाबेस.

आता प्रॉक्सी. या शब्दाला आपल्याकडे चांगला शब्द आहे, मुखत्यार. तुमच्या वतीने बाहेर जाऊन बोलतो तो साधा प्रॉक्सी. कचेरीच्या वतीने तुमच्याशी बोलतो तो रिव्हर्स प्रॉक्सी. हा दुसरा कशाला लागतो? त्याचं एक मोठं कारण आपल्याच तालुक्यात दिसतं. पाड्यावर रेंज एक काडी. फोनवरून फॉर्म थेंबथेंब वर चढतो. तेवढा वेळ कारकून तुमच्यासमोर हात बांधून बसला, तर असे शंभर फोन शंभर कारकून अडकवतात. काम शून्य, गर्दी पूर्ण. 1995 साली आलेल्या अपाचेमध्ये सुरुवातीला प्रत्येक जोडणीला एक स्वतंत्र प्रोसेस लागत असे. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला, एका यंत्राने एकाच वेळी 10,000 जोडण्या कशा सांभाळायच्या? इगोर सिसोएव्ह यांचा एनजिनएक्स 2004 मध्ये खुला झाला, तो याच प्रश्नावर. असा मुखत्यार तुमचा अर्ज पूर्ण गोळा करतो, मगच आत देतो. उत्तर झटकन घेतो, कारकुनाला मोकळं करतो आणि तुम्हाला तुमच्या रेंजच्या गतीने देत बसतो.

म्हणजे बिघाडही तीन तऱ्हेचे झाले, आणि मुखत्यार ते आकड्यांत सांगतो. 502 म्हणजे आतून उत्तर आलं ते वेडंवाकडं, किंवा आत कोणी जागेवरच नाही. 503 म्हणजे सध्या सेवा देता येत नाही, नंतर या. किती वेळाने, हेही सोबत सांगता येतं. आणि 504 म्हणजे मी वाट पाहून थकलो. एनजिनएक्स मुळात 60 सेकंद थांबतो.

इथे नीट ऐका. 504 म्हणजे काम झालं नाही, असं नव्हे! काम झालंय की नाही, ते मुखत्यारालाच माहीत नाही. मी स्वतः एकदा एका पोर्टलवर शुल्क भरलं, पान अडकलं, शेजारचा म्हणाला परत दाबा. दाबलं. पैसे दोनदा गेले. खरं तर प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक दिला असता, तर दुसऱ्यांदा आलेला तोच क्रमांक ओळखून आतूनच सांगता आलं असतं, 'हे झालंय.' तो क्रमांक दिला नाही, हा रचनेचा दोष. 'डाऊन' म्हटलं की तो झाकला जातो.

उलट बाजूही सांगतो. रेल्वेच्या तिकीट साइटवर 22 मे 2025 ला सकाळी 10 वाजता एका मिनिटात 31,814 तिकिटं निघाली. तोवरचा विक्रम. रेल्वेने सांगितलं की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत बॉटचे असायचे, आणि अडीच कोटी खाती बंद केली. म्हणजे दारावरचा मुखत्यार कडक केला की आतल्यांना श्वास मिळतो. कौतुक आहे. पण तो आकडा आत पोचलेल्यांचा. पैसे कापले आणि तिकीट नाही, असे किती, ते त्या आकड्यात दिसत नाही. मोजायला हवं ते हेच.

आपल्याकडे म्हणतात, धरण उशाला, कोरड घशाला. भातसाकाठच्यांना याचा अर्थ समजवायला नको. पाणी भरपूर असतं, वाट नसते. संगणकातही पुष्कळदा यंत्र कमी नसतं, दहा कारकून एका दप्तरावर ओठंगून उभे असतात. नवीन यंत्र घेऊन अकरावा कारकून बसवला तर रांग वाढते.

इथे अभियांत्रिकीची मुलं बसलीत, त्यांना एवढंच सांगेन, उद्या तुम्ही पोर्टल बांधाल. चुकीचं पान शेवटी, कंटाळून लिहू नका. 'तुमचा अर्ज पोचला, क्रमांक हा, अमुक वेळाने पाहा', या एका ओळीने एसटीची एक फेरी वाचते. आणि बाकीच्यांनी खिडकीवर न रागावता विचारायचं, 'डाऊन म्हणजे कोणता आकडा दिसतोय? माझा अर्ज आत गेलाय का?' उत्तर मिळेलच असं नाही. पण प्रश्न विचारणारे वाढले, की उत्तर तयार ठेवावं लागतं.