स्थानांतर आणि अर्थांतर : ‘एलिया’तील देवदूतांचे अष्टक

एका प्रसंगासाठी जन्मास आलेल्या रचनेला पुढे दुसऱ्याच कृतीत कायमचे घर मिळावे, असे कलेच्या इतिहासात अनेकदा घडते. अशा वेळी टीकाकाराच्या मनात प्रथम येते ती ठिगळाची शंका. फेलिक्स मेंडेल्सोनच्या ‘एलिया’ या ऑरेटोरिओतील, म्हणजे वेषभूषा व अभिनय यांवाचून गाइल्या जाणाऱ्या धार्मिक संगीतकथेतील, सातवा भाग या शंकेला पात्र आहे. देव आपल्या दूतांकरवी तुला जपेल, हे ९१व्या स्तोत्रातील आश्वासन त्यात आठ गायक देतात.

२६ जुलै १८४४ रोजी बर्लिन येथे प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम चौथा याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. राजा बचावला, हल्लेखोराला त्याच वर्षी डिसेंबरात देहदंड झाला. राजा वाचल्यानिमित्त मेंडेल्सोनने वाद्यांच्या साथीवाचून गावयाचे हे अष्टस्वरी गीत रचले. २६ ऑगस्ट १८४६ रोजी बर्मिंगहॅम येथे प्रथम सादर झालेल्या ‘एलिया’त त्याने तेच, वाद्यवृंदाची जोड देऊन, समाविष्ट केले.

राजाच्या संदर्भात हे आश्वासन आधीच खरे ठरलेले होते. त्यात कृतज्ञता होती, प्रतीक्षा नव्हती. ‘एलिया’त मात्र देशावर अवर्षण कोसळले आहे. करीथ ओहोळाकाठी लपून राहा, असे देवदूत संदेष्ट्याला सांगतो. त्यानंतर अष्टक येते. आणि ते संपताच तोच देवदूत कळवतो की ओहोळ आटला आहे, आता सारफथच्या विधवेकडे जा. आश्वासन उच्चारले जाते आणि त्याचे पहिले साधन तत्काळ निकामी होते. स्वररचना मूलतः तीच आहे. परंतु तिच्या शांतपणाखाली आता अनिश्चिततेची जमीन आहे. मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे मांडली, त्यांच्या भाषेत बोलावयाचे तर, स्वतंत्रपणे केवळ संवादलय असलेले हे गीत ऑरेटोरिओत विरोधलयीचा घटक बनते.

मेंडेल्सोनची भक्ती फार मृदू, संदेष्ट्याचा दाह तिला पेलत नाही, असा आक्षेप घेतला जातो. अष्टक सुटे ऐकले तर तो अमान्य करता येत नाही. पण याच ओळी मत्तयाच्या शुभवर्तमानात मोहात पाडणाऱ्या सैतानाच्या तोंडी येतात, हे विसरून चालणार नाही. आश्वासनाचा अर्थ केवळ शब्दांत नसतो. ते कोण, कोणाला, कोणत्या क्षणी देतो यावर तो अवलंबून असतो. मृदुतेचा दोष देण्यापूर्वी तिची जागा पाहावयास हवी.

या जागेचे पुरते महत्त्व उत्तरार्धात कळते. राणीच्या सूडापासून रानात पळालेला एलिया रतामाच्या झुडुपाखाली मरण मागतो. तेथे देवदूत पुन्हा गातात. या वेळी १२१व्या स्तोत्राच्या शब्दांत. १८४७ साली कृतीची पुनर्रचना करताना मेंडेल्सोनने पूर्वीच्या युगलगीताच्या जागी वाद्यांविना गाणारे तीन स्त्रीस्वर योजले. अष्टकाने ऑरेटोरिओत प्रवेश करताना गमावलेला निर्वाद्य एकांत येथे परत मिळतो. पहिले आश्वासन वाचलेल्या राजासाठी रचलेले. दुसरे, ज्याला वाचावयाचेच नाही त्याच्यासाठी. अष्टक ठिगळ ठरत नाही ते यामुळे. ते अर्धे वाक्य आहे, आणि ते येथे पूर्ण होते.

अनुवादकालाही येथे काही शिकण्यासारखे आहे. मेंडेल्सोनने जर्मन संहितेला स्वर दिले. बर्मिंगहॅमला श्रोत्यांनी विल्यम बार्थोलोम्यूचे इंग्रजी शब्द ऐकले. दोन्ही भाषांतील संबोधन एकवचनी आहे. मराठीत राजाला ‘आपण’ म्हणावे लागेल, रानात एकट्या पडलेल्या माणसाला ‘तू’. स्तोत्राला मात्र हा भेद ठाऊक नाही. त्याचा ‘तू’ दोघांनाही एकाच उंचीवर उभा करतो. मराठी अनुवादात तो ‘तू’ टिकवला नाही, तर अष्टक पुन्हा राजदरबारात परतेल.