चारदा मोजलेला गंध

उज्जैनच्या रामघाटावर संध्याकाळी क्षिप्रेच्या आरतीला उभे राहिले, की कापूर, धूप, चंदन आणि फुले यांचा वास एकदम अंगावर येतो. त्यातला कोणता वास कशाचा, हे नाकाला वेगळे सांगता येत नाही. वासांच्या या मिसळण्याचा हिशेब मांडण्याचा उद्योग याच अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात केला. त्याच्या ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’ नावाचा अध्याय आहे. त्याची आठवण निघते ती बहुधा 1,74,720 या एका आकड्यासाठी. एवढे सुगंध होतात, असे तो सांगतो. आपणही कौतुकाने मान डोलावतो. पण कौतुक म्हणजे वाचन नव्हे.

‘गंधार्णव’ या प्रकारात नागरमोथा, वाळा, दगडफूल, अगरू, तगर, धने, कापूर, चंदन अशी 16 द्रव्ये आहेत. त्यांतली कोणतीही चार घ्यायची आणि एक, दोन, तीन, चार अशा भागांनी मिसळायची. सोळांतून चार निवडण्याच्या रीती 1,820 होतात, हे बरोबर. पुढे तो या संख्येला 96 ने गुणतो. येथे मात्र थांबावे लागते. चंदनाचा एक भाग घेतला, तर उरलेल्या तिघांना बाकीचे भाग सहा प्रकारे देता येतात. चंदनाचे दोन, तीन वा चार भाग घेतले, तरी प्रत्येक वेळी सहाच. एकूण झाले 24. तसेच उरलेल्या तिघांचेही, म्हणून 96, असा त्याचा हिशेब. पण चंदनाच्या खात्यावर लिहिलेला गंधच पुन्हा अगरूच्या, तगराच्या आणि वाळ्याच्या खात्यावर चढला! एकच मिश्रण चारदा मोजले गेले. खरा आकडा 43,680.

तोही टिकत नाही. धने फार उग्र, म्हणून त्यांचा एकच भाग द्यावा. कापूर त्याहून कमी. या दोहोंचे दोन-तीन भाग कधी देऊ नयेत, असे तोच बजावतो. ही अट पाळली की आकडा आणखी उतरतो. म्हणजे ग्रंथकाराच्या नाकानेच त्याच्या गणिताला आवर घातला आहे. आमच्या मते या अध्यायाचे मोल या आवरात आहे. धूपही द्रव्ये एकत्र कालवून न देता एकामागून एक द्यायचा. शेवटी कापूर घातलेल्या कस्तुरीने ‘बोध’ करायचा, म्हणजे निजलेला गंध जागा करायचा. ही भाषा केवळ गणित्याची नव्हे, वास घेतलेल्या माणसाची आहे.

त्याचे ‘सर्वतोभद्र’ कोष्टक अधिक नेटके आहे. सोळा घरांत सोळा द्रव्ये आणि त्यांचे भाग. तमालपत्र, दगडफूल, दालचिनी ही तर आपल्या गोड्या मसाल्यातली. आडवी, उभी वा तिरपी कोणतीही ओळ घ्या, बेरीज 18. कोणाचे आठ भाग, कोणाचा एक. पण एक भागवाला वगळला तर बेरीज मोडते.

या विद्येला मराठीही परकी नव्हती. ‘गंधवाद’ या अज्ञात कर्त्याच्या संस्कृत ग्रंथावर जुनी मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि 1989 मध्ये ती बडोद्याहून छापली गेली. मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ती औषधी पोथी म्हणून बाजूला ठेवू नये. कारागिराशी मराठी कशी बोलत होती, हे तिथे पाहायला मिळते.

आपल्या सीमाभागात वराहमिहिराची चूक रोज घडते. ‘अक्का’ ही हाक मराठी घर आपल्या खात्यावर लिहिते, शेजारचे कानडी घर आपल्या. दोन्ही खाती आपापल्या जागी खरी असतात. त्यांची बेरीज करून मोठा आकडा मिरवायला निघालो, की हिशेब चुकतो. हाकेला ओ देणारी अक्का मात्र एकच असते.