कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?

‘ग्राफीनओएस’ ही खासगीपणा जपणारी मोबाइल-प्रणाली वर्षानुवर्षे चालत आली ती गूगलच्याच पिक्सेल फोनवर! विसंगती वाटते खरी, पण कारण तांत्रिक आहे. फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. प्रणाली बदलल्यावर पिक्सेलमध्ये तो नव्या प्रणालीच्या किल्लीने पुन्हा कुलूपबंद करता येतो. मग दर वेळी फोन सुरू होताना प्रणालीत फेरफार झाला आहे का, हे तपासले जाते. पुष्कळ फोनांत तो उघडाच ठेवावा लागतो. म्हणून ही निवड आम्हाला पटते. खटकतो तो चाहत्यांचा ‘आता आपला माग कोणालाच लागणार नाही’ हा दावा. सिमकार्ड चालू असेल, तर फोन कोणत्या मनोऱ्याच्या टापूत आहे हे मोबाइल कंपनीला कळतेच; एरवी ती कॉल पोहोचवणार कुठे?